जवाबाची जागा

मी एक जुना अल्बम आहे, आणि भिलाईच्या संगीताच्या इतिहासाचे सरळ दोन भाग पडतात: माझ्या आधीचा आणि माझ्या नंतरचा. या दोन्ही भागांत माझा उल्लेख नाही. सध्या मी भिलाईजवळच्या बोरसीत असतो, एका लेडीज सायकलच्या मागच्या मडगार्डवर, तारेनं बांधलेला. सीडीच्या मध्यभागी भोक असतं. ते कलेच्या दृष्टीनं कशासाठी ठेवलं होतं कोण जाणे, पण तार ओवायला फार सोयीचं पडलं. मागून येणाऱ्या गाडीचा उजेड अंगावर पडला की मी चमकतो आणि गाडीवाला सायकल वाचवून पुढे जातो. मित्रांनो, माझा लोकांवर परिणाम होतो तो एवढाच. पण होतो तेव्हा जीव वाचतो. किती गवयांना असं सांगता येईल?

माझं नाव 'उरलेला सवाल'. जन्म २०१२ च्या उन्हाळ्यातला, भिलाईच्या कॅम्प-१ वस्तीतला. तिथल्या बाजारात सायकलीचं एक दुकान होतं, दुकानावर एक खोली, आणि त्या खोलीत पीयूषचा स्टुडिओ. पीयूष हा सेक्टर ६ मधल्या एका कारकुनाचा मुलगा. पोरानं पोलादाच्या प्लांटात लागावं अशी बापाची इच्छा. पोरानं भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवले, खिडकीला रजई ठोकली आणि दारावर 'डिजिटल' असं लिहिलं. तिथे छत्तीसगढी लग्नाची गाणी व्हायची, गाद्यांच्या सेलच्या जाहिराती व्हायच्या, आणि एकदा एका हरवलेल्या बकरीची दवंडी भरली होती. बकरी सापडली. त्यामुळे स्टुडिओचं नाव झालं.

अशा या कलामंदिरात एके दिवशी गुलाबबाई जिना चढून आली. ती माझी आई, म्हणून मी तिला अरेतुरे करतो. तुम्ही करू नका.

तेव्हा तिचं वय सहासष्ट. माहेर भंडाऱ्याकडचं, लग्न करून भिलाईत आलेली. नवरा धोंडबा प्लांटात कामाला होता आणि फावल्या वेळात ढोलकी वाजवायचा. धोंडबाचं स्वतःचं मत उलट होतं: तो ढोलकी वाजवतो आणि फावल्या वेळात पोलाद तयार करतो. गुलाबबाई गायची. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, विहाराच्या वर्धापनदिनाला 'गुलाबबाई आणि पार्टी' असा बोर्ड लागला की बालाघाटपासून राजनांदगावपर्यंत माणसं चटया घेऊन यायची.

पण नुसतं गाणं ऐकायला कोणी येत नसे. यायचे ते सामना पाहायला. सामना म्हणजे काय, ते समजल्याशिवाय माझं आयुष्य तुम्हाला समजणार नाही, तेव्हा नीट ऐका. समोरासमोर दोन मंच. एका पार्टीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं जवाब द्यायचा. सवाल टाकून झाला की मधे बोटभर उदबत्ती लावायची. ती जळून संपायच्या आत जवाब आला तर ठीक, नाही तर हार. आणि उदबत्ती जळत असेपर्यंत सवाल टाकणाऱ्यानं अवाक्षर काढायचं नाही, वाद्यावर थाप मारायची नाही. ती जागा समोरच्याची. त्या जागेत खोकला आला तरी गिळायचा.

गुलाबबाईच्या समोर बावीस वर्षं एकच माणूस उभा राहिला. पंजाबराव. रेल्वेच्या गँगमध्ये होता, घर बोरसीत. ती त्याला माइकवरून इंजिन सुटलेला डबा म्हणायची, तो तिला फुटकी किटली म्हणायचा, आणि पब्लिक खूश व्हायचं. मंचावर एकमेकांना 'तू', मंचाखाली काहीच नाही. खाली बोललं की सवाल पातळ होतो, अशी दोघांची पक्की समजूत. बावीस वर्षांत त्यांनी एकमेकांना साधं 'कसं काय' विचारलं नाही. पोरीचा ताप, बापाचं जाणं, बदली, सगळं एकमेकांना कळलं ते माइकवरून, हजार माणसांच्या समोर, यमक जुळवून. दोघांच्या मधे जाणारा-येणारा एकटा धोंडबा. तो दोन्हीकडे चहा प्यायचा आणि दोन्हीकडे साखर कमी आहे म्हणायचा.

१९९३ साली गोंदियाला पंजाबरावाचा कार्यक्रम होता आणि त्याच्या ढोलकीवाल्याच्या घरी लग्न निघालं. धोंडबा म्हणाला, मी जातो. गुलाबबाईनं डब्यात भाकरी आणि वांग्याची भाजी दिली, कोपऱ्यापर्यंत सोडायला गेली. सगळं दिवसाढवळ्या, हसतखेळत. दुसऱ्या दिवशी दुपारी दारात पंजाबराव उभा. एकटा. खांद्याला धोंडबाची ढोलकी. त्यानं ती उंबऱ्यावर ठेवली, जमिनीकडे पाहत थोडा वेळ उभा राहिला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. तासाभरानं रेल्वेची माणसं आली. धोंडबा परतीच्या पॅसेंजरमध्ये बसल्या बसल्या गेला होता. हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी लिहिलं.

डॉक्टरांच्या कागदात सगळं होतं, एक गोष्ट सोडून. धोंडबा शेवटचं काय बोलला, ते त्यात नव्हतं. ते जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्या माणसानं त्या दिवसापासून गाणं सोडलं.

आता अडचण पाहा, मित्रांनो. तो गात नाही म्हणजे मंच नाही. मंच नाही तर सवाल टाकायचा कुठे? गुलाबबाईची मुलगी संघमित्रा शिकली, मास्तरीण झाली, लग्न करून सेक्टर ६ च्या क्वार्टरमध्ये राहायला गेली, आणि दर वर्षी आईला एकच म्हणत राहिली: आई, बोरसी काही विलायतेत नाही, ऑटोनं अर्धा तास, जाऊन विचारून ये ना. गुलाबबाईचं उत्तर ठरलेलं.

"दारात जाऊन इचारला तं थो सवाल नाही रायत, माय. भीक होते."

एकोणीस वर्षं गेली. धोंडबाच्या जागी तिला प्लांटात नोकरी लागली, फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर न्यायची. ती निवृत्त झाली. दुसऱ्या पार्ट्यांसमोर गायली, जिंकली, आणि घरी येऊन गप्प बसली. मग आवाज जायला लागला. आणि जाता जाता एका सकाळी तिच्या डोक्यात आलं की अल्बम हा असा मंच आहे, जो पिशवीत घालून कोणाच्याही घरी पाठवता येतो.

माझ्या कव्हरवर समाजप्रबोधन, कलेची सेवा वगैरे कारणं छापली आहेत. खरं कारण हे.

रेकॉर्डिंग सहा दिवस चाललं. पेटीवर सुशील होता, तिचा जुना साथीदार. त्याच्या पेटीतले दोन स्वर कायमचे गेले होते, त्यामुळे तो त्या दोघांना टाळून वाजवायचा आणि ऐकणाऱ्याला ती त्याची शैली वाटायची. ढोलकीला कोणी नव्हतं. म्हणजे ढोलकी होती: धोंडबाची, गुलाबबाईनं आणून खुर्चीवर ठेवलेली. पीयूषनं वाजवणारा बोलावतो म्हटलं तर ती म्हणाली, ती वाजवायला नाही आणली, बसायला आणली आहे. मग पीयूषनं कीबोर्डमधला ठेका लावला, नंबर चौदा. तोच ठेका गाद्यांच्या सेललाही होता. पहिल्या गाण्यानंतर गुलाबबाईनं कानावरचे हेडफोन काढले आणि त्या कीबोर्डकडे बोट केलं.

"धोंडबा दर तिसऱ्या फेरीले चुकत जाय," ती म्हणाली. "हे मशीन चुकतच नाही. मले वाटून राहिलं, मीच चुकून राहिली."

तिच्या आवाजाबद्दल मी काय सांगू? मी आतला माणूस, माझं मत धरू नका. वरचा सूर तिला लागत नव्हता. ती तिथपर्यंत जायची, पायरीवर थांबायची आणि परत यायची. पण वर काय आहे ते तिनं पाहिलेलं आहे, एवढं ऐकणाऱ्याला कळायचं. सात गाणी झाली. एक रमाईवर, एक गिरणीत हात गेलेल्या भावावर, एक रिकाम्या डब्यावर. प्रबोधन म्हणावं असं त्यात फारसं नव्हतं. रडणं होतं, तेही हळू, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये असं.

आठवं गाणं म्हणजे सवाल. सिद्धार्थानं घर सोडलं ते चोरून नाही, सगळ्यांचा निरोप घेऊन, असं आमच्याकडे सांगतात. यशोधरेलाही तो जाणार हे माहीत होतं. पण मग त्याला सोडायला गेलेला सेवक छन्न रिकामा घोडा घेऊन परत आला. माहीत असलं म्हणून काय झालं? रिकामा घोडा तो रिकामा घोडाच. गुलाबबाई गायली:

घोडा रिकामा, लगाम हाती, छन्न उभा दारी,
यशोधरा पुसे त्याले, आता तुझी बारी;
इतक्या वाटा चालून आला, खाली मान घालून,
पहिला शब्द दे रे मले, गोष्ट नको सारी.

गाणं संपलं. तिनं पिशवीतून बोटभर उदबत्ती काढली, पीयूषच्या मशीनच्या कडेला खोचली, पेटवली आणि मांडीवर हात ठेवून बसली. पीयूषला वाटलं, बाई दम घेतात. दोन मिनिटांनी त्यानं सुशीलकडे पाहिलं. सुशीलनं तोंडावर बोट ठेवलं. उदबत्ती विझली तेव्हा घड्याळात अकरा मिनिटं झाली होती.

ती अकरा मिनिटं माझ्यात आहेत. पंख्याचा आवाज आहे. खालच्या दुकानात कोणीतरी चाकात हवा भरतंय, तो पंप आहे: फुस, फुस, थांबून पुन्हा फुस. लांबून प्लांटचा भोंगा आहे. आणि शेवटाकडे, अगदी जपून, गुलाबबाईनं गिळलेला खोकला आहे.

पीयूष पोरगा गुणी होता, पण व्यवसायाचा विचार त्याला करावा लागायचा. "काकू, अकरा मिनट ब्लँक जाऊन राहिलं," तो म्हणाला. "लोक डिफेक्टिव समझून वापस करतीन. मी कापून टाकतो."

"कापू नोको, बापू. थे माही नाही होय, त्याची जागा आहे."

"कोणाची?"

तिनं सांगितलं नाही. पीयूषनं कापलं नाही. हा त्याचा मोठेपणा, आणि माझ्या अधोगतीची सुरुवात.

आम्ही दोनशे भावंडं. पीयूषच्या कॉम्प्युटरवर एकेक करून भाजून काढलेली, वर लेबल चिकटवलेली, त्यावर गुलाबबाईचा पांढऱ्या साडीतला फोटो. अशा सीडीवर एकदाच लिहिता येतं. पुढे कोणी काही सांगायला आलं तरी आमच्यात जागा नसते. हे तेव्हा मला विशेष वाटलं नाही. तरुणपणी आपल्याला सगळं पाठ आहे याचाच अभिमान असतो.

त्या दसऱ्याला कांताबाई, म्हणजे गुलाबबाईची कोरसमधली मैत्रीण, आमची खोकी घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेली आणि पुस्तकांच्या नि मूर्त्यांच्या दुकानांमधे चादर अंथरून बसली. लोकांनी घेतलं. माणसं थांबून फोटो पाहायची, अजून आहे का ही बाई, म्हणायची, आणि घ्यायची. दुपारपासून तीच माणसं परत यायला लागली. शेवटी काही नाही यात, बदलून द्या. कांताबाईनं पहिल्या दहा जणांना सामना, उदबत्ती, जागा हे सगळं समजावून सांगितलं. अकराव्याला तिनं बदलून दिली. तोही परत आला. संध्याकाळी ती ओरडून ओरडून एवढंच सांगत होती की माल चांगला आहे, शेवटचं गाणं सोडून ऐका.

लोकांनी तिचं ऐकलं. मोबाइलच्या दुकानांतून माझी सात गाणी मेमरी कार्डांत गेली. आठवं 'करप्ट' म्हणून वगळलं गेलं. हात गेलेल्या भावाच्या गाण्याला कोणीतरी धुमालचा, म्हणजे मिरवणुकीतल्या वाजंत्रीचा, ठोका जोडला, आणि पुढच्या जयंतीला तरुण मंडळी त्या भावाच्या हातावर हात वर करकरून नाचली. म्हणजे मी गाजलो. ज्या एका गोष्टीसाठी मला जन्माला घातलं, तेवढी सोडून बाकी सगळा मी घरोघरी पोचलो.

परत आलेली भावंडं खोक्यांत गेली. मी त्यांत नव्हतो. मी दीक्षाभूमीला गेलोच नव्हतो. मला गुलाबबाईनं आधीच बाजूला काढलं होतं. कव्हरच्या आत तिनं बोटभर उदबत्तीचा तुकडा ठेवला, चिठ्ठी नाही, नाव नाही, आणि संघमित्रेला सांगितलं की बोरसीला जा, पंजाबरावांच्या हातात दे, आणि काही बोलू नकोस.

पंजाबरावांनी कव्हर उघडलं, तुकडा पाहिला, कव्हर मिटलं. संघमित्रेला चहा घेऊन जा म्हणाले. ती म्हणाली, घाई आहे. दोघंही खोटं बोलले आणि दोघांनाही ते चाललं.

मग मी चार वर्षं त्यांच्या पेन्शनच्या कागदांखाली पडून होतो. त्यांची सून सुजाताताई अंगणवाडीत कामाला जायच्या. त्या अधूनमधून म्हणायच्या, बाबा, शेजारून मशीन आणून लावून देऊ का? ते म्हणायचे, घाई काय आहे. तिकडे गुलाबबाई कॅम्पमधल्या घरी बसून होती. तिनं निरोप पाठवला नाही, चौकशी केली नाही. तिनं सवाल टाकला होता. आता बोलणं नियमात बसत नव्हतं. तिच्या हिशेबी उदबत्ती जळतच होती.

मित्रांनो, भीती माणसाला काय करते ते तुम्ही मोठे झाल्यावर पाहालच. ती माणसाला फार शिस्त लावते. पंजाबराव रोज सकाळी माझ्यावरची धूळ पुसायचे आणि मला पुन्हा कागदांखाली ठेवायचे.

चौथ्या वर्षी जयंतीची मिरवणूक बोरसीतून गेली. पुढे गाडी, गाडीवर स्पीकरचे भिंतीएवढे डबे, आणि त्यातून गुलाबबाईचा आवाज धुमालावर आदळत येत होता. पंजाबराव दारात उभे होते. एकोणीस आणि चार, तेवीस वर्षांनी त्यांनी तो आवाज ऐकला. मिरवणूक वळणावरून गेली तरी ते उभेच. मग आत येऊन सुजाताताईंना म्हणाले, "हे नाचाचं गाणं नाही होय. मशीन आण."

शेजारचं डीव्हीडीचं मशीन आलं. सुजाताताईंनी मला आत सरकवलं, बटण दाबून दाखवलं आणि नळाला पाणी आलं म्हणून कळशा घेऊन गेल्या. पंजाबराव एकटे. सात गाणी त्यांनी डोळे मिटून ऐकली. आठवं सुरू झालं तसं त्यांनी कव्हरमधून तो तुकडा काढला आणि खिडकीच्या फळीवर लावला. सवाल संपला. पंखा सुरू झाला, पंप सुरू झाला. मला वाटलं, आता हा माणूस मला बंद करणार.

त्यांनी घसा साफ केला. अर्ध्याहून जास्त उदबत्ती ते चाल आणि यमक जुळवत राहिले, एकही बसेना. मग साधं बोलले. मंचावरचा 'तू' तेवढा सोडला नाही.

"गुलाबबाई, आमगाव गेलं अन् त्यानं माह्या खांद्यावर डोकं टेकलं. मी म्हणलं, झोपला. सालेकशाले म्हणलं, सरक ना बे, खांदा दुखून राहिला. नाही सरकला. डोंगरगडले अजून म्हणलं. राजनांदगाव यायच्या आधी कोपर मारलं त्याले, जोरात. तवा त्याचा हात खाली पडला." त्यांनी खांदा चोळला. पंप फुस फुस करत होता. "थो काहीच नाही बोलला. शेवटचा शब्द माहाच होता. 'सरक.' मेलेल्या माणसाले मी तीन टेसन सरक म्हणत आलो. आता दारात येऊन तुले पहिला शब्द कोणता सांगू?"

उदबत्तीत अजून नखाएवढं शिल्लक होतं. त्यांनी ते पाहिलं आणि मान हलवली, वेळेत झालं अशी. शेवटी गुलाबबाईचा गिळलेला खोकला आला, तो ऐकून ते दचकले. मग मी संपलो.

"आता तिची बारी," ते स्वतःशीच म्हणाले.

आणि मित्रांनो, त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. सवाल आला, जागा दिली होती, त्या जागेत वेळेच्या आत त्यांनी जवाब दिला. बावीस वर्षं असंच चालत आलं होतं. त्या जागेच्या पलीकडे ती बसलेली नाही, एक वीतभर चकती फिरते आहे आणि ती आधीच पूर्ण लिहून झालेली आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. ते तिच्या पुढच्या सवालाची वाट पाहायला लागले. ती त्यांच्या जवाबाची वाट पाहत होती. मधे अर्ध्या तासाचा ऑटो. दोन वर्षं दोघंही नियमानं वागले, आणि मग पंजाबराव गेले.

त्यांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे मागाहून होणाऱ्या विधीला, गुलाबबाई आली, संघमित्रेचा हात धरून. त्या घरात पहिल्यांदाच. त्रिशरण झालं, जेवणं झाली. ती सुजाताताईंजवळ जाऊन बसली आणि तिनं विचारलं की मी एक सीडी पाठवली होती, ती त्यांनी ऐकली का? मी समोर फळीवरच होतो.

"ऐकली ना जी. एकदा पूर्ण ऐकली," सुजाताताई म्हणाल्या. "पण शेवटी काही नव्हतं त्यात. खराब होती वाटते."

"संगं उदबत्ती होती."

"हाव, खिडकीत राख होती. म्या पुसली. कावून जी?"

"काही म्हणले का मंग?"

सुजाताताई नळावर होत्या. त्यांना काय माहीत? त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं आणि सांगितलं की नाही, काही म्हणाले नाहीत, त्या दिवशी मात्र पोटभर जेवले आणि गाढ झोपले.

गुलाबबाईनं पुसलेल्या खिडकीकडे पाहिलं. मी फळीवर. माझ्या अंगात तिची आठ गाणी होती, आणि नवव्याला जागा नव्हती. सगळ्या जगात तो जवाब ऐकलेला मी एकटा, आणि माझ्यात जे आधी कोरलं आहे त्याच्या पलीकडे मला एक अक्षर बोलता येत नाही. मला कोणी लावलं असतं तर मी पुन्हा तोच सवाल विचारला असता. तिलाच.

"उदबत्ती पूर्ण जळाली, जवाब नाही आला," ती म्हणाली. "मंग मी जितली म्हणा."

सुजाताताईंनी मला तिच्यापुढे धरलं, घेऊन जा म्हणाल्या. तिनं हात लावला नाही. सवाल हारलेल्याच्या घरी राहतो, म्हणाली, आणि संघमित्रेचा हात धरून उठली. त्यानंतर ती गायली नाही. जिंकलेल्या माणसाला गाण्यासारखं काय उरतं?

पुढचं आयुष्य सांगण्यासारखं नाही. मशीन भंगारात गेलं. मी काही दिवस पाण्याच्या ग्लासावर झाकण होतो, पण माझ्या भोकातून मुंग्या जायच्या, म्हणून त्या पदावरूनही उतरलो. पीयूषनं स्टुडिओ बंद केला. तो आता प्लांटात ठेक्यावर आहे, बापाला समाधान आहे. सुजाताताईंच्या सायकलचं मागचं लाल भिंग फुटलं तेव्हा त्यांना माझी आठवण झाली.

गेल्या महिन्यात त्यांना सेक्टर ६ ला काम निघालं. उन्हासाठी तोंडाला ओढणी गुंडाळून त्या क्वार्टरांच्या ओळीतून सायकलवर चालल्या होत्या. एका फाटकाशी खुर्ची टाकून एक म्हातारी बसली होती. लेकीकडे राहायला आलेल्या माझ्या आईला मी लांबून ओळखलं. ऊन माझ्यावर पडलं आणि माझा कवडसा तिच्या तोंडावर. तिनं डोळ्यांवर हात घेतला. मित्रांनो, मी चमकलो. जेवढं चमकता येईल तेवढं चमकलो. माझं लेबल केव्हाच पावसानं गेलेलं. ती हाताच्या आडून माझ्याकडे पाहत राहिली, मग तिची नजर खाली चाकावर गेली.

"ओ बाई," तिनं हाक मारली, "मांगच्या चाकात हवा कमी आहे तुमच्या."

सुजाताताई 'हाव जी' म्हणाल्या आणि पुढे गेल्या. कोणीच कोणाला ओळखलं नाही.

आत्मवृत्ताच्या शेवटी काहीतरी शिकवण द्यावी लागते. मी बरीच तयार करून ठेवली होती. जुन्या गवयांची कदर करा. सवाल दारात जाऊन विचारा आणि जवाब माणसाच्या तोंडावर द्या, चकतीसमोर नको. कोणी गप्प बसलं असेल तर ती जागा कोणासाठी आहे ते एकदा पाहा. पण हे मोठ्या माणसांना जमलं नाही, तुम्हाला कुठून जमणार? आणि ज्यांच्यासाठी सांगायचं, त्यातला एक गेला आणि एक जिंकली.

तेव्हा एकच सांगतो. ही सायकल रोज बोरसीच्या अंगणवाडीसमोर, कडुलिंबाखाली उभी असते. हवा अजून भरलेली नाही. तुमच्यापैकी कोणाकडे पंप असेल तर चार दट्टे मारून जा. मागच्या चाकात. पुढचं ठीक आहे.